पुड्याच्या पाठीवरची साखर कशी वाचावी

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, मधुमेह असल्याचे कळले त्याच आठवड्यात त्यांनी साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरून बिस्किटांचे तीन पुडे आणले. पुड्याच्या तोंडावर गव्हाच्या ओंब्या होत्या, हिरवी पट्टी होती आणि ठळक अक्षरांत ‘नो ॲडेड शुगर’ असे छापलेले होते. “दुकानदार म्हणाला, हे शुगरवाल्यांसाठीच असतंय,” असे सांगून आबा सकाळ-संध्याकाळ चार-चार बिस्किटे चहात बुडवून खाऊ लागले. पंधरा दिवसांनी जेवणानंतरची साखर उतरलेली नाही असे दिसल्यावर मी पुडा उलटा केला आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याने अक्षरे मोठी करून वाचली. घटकांत पहिला मैदा, दुसरे पामतेल, तिसरे माल्टोडेक्स्ट्रिन. खालच्या तक्त्यात साखर जवळजवळ शून्य, पण कर्बोदके १०० ग्रॅमला ७२ ग्रॅम. छापलेला एकही शब्द खोटा नव्हता. आम्हीच पुढची बाजू वाचून थांबलो होतो.

तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बैठकीत दर वेळी एखादे रिकामे पाकीट घेऊन ते सगळ्यांनी मिळून वाचण्याचा परिपाठ आम्ही ठेवला आहे. खाली दिलेली रीत त्या वाचनातून बसलेली आहे. तिला मोबाईल, पेन्सिल आणि जमल्यास स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा एवढेच साहित्य लागते. इंग्रजी येत नाही म्हणून कोणी मागे राहू नये, कारण नियमाप्रमाणे लेबलवरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असणे बंधनकारक आहे आणि मराठी ही केवळ ऐच्छिक जोड आहे. त्यामुळे लेबलवर भेटणारे मोजके इंग्रजी शब्द ओळखीचे करून घेणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

आधी चमचा मोजून घ्या

लेबलवर सगळे ग्रॅममध्ये असते आणि आपण घरात चमच्यात विचार करतो, म्हणून पहिले काम घरातल्या चहाच्या चमच्याचे वजन करण्याचे. सपाट भरलेल्या चमच्यात साधारण ४ ते ५ ग्रॅम साखर मावते. परंतु आपल्याकडे चमचा सपाट कोण भरतो? आमच्या घरातला शिगोशीग चमचा मी काट्यावर ठेवला तेव्हा तो ७ ग्रॅमचा निघाला. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात असा एक चमचा धरला तर २८ ग्रॅम साखर चहातूनच पोटात जाते.

ही २८ ग्रॅम जास्त की कमी हे ठरवायला एक माप हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अशी शिफारस केली की दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा मुक्त साखरेतून यावी आणि ती ५ टक्क्यांच्या खाली आणता आली तर अधिक बरे. एक ग्रॅम साखर ४ किलोकॅलरी देते, त्यामुळे २००० किलोकॅलरी खाणाऱ्या प्रौढ माणसाला १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम होतात. मुक्त साखर या शब्दात वरून घातलेली साखर तर येतेच, शिवाय मध, पाक आणि फळांच्या रसातली साखरही येते. अख्ख्या फळातली आणि साध्या दुधातली साखर येत नाही. २५ आणि ५० हे दोन आकडे पाठ ठेवावेत, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांच्याशी ताडून पाहायचा आहे.

घटकांची यादी: पेन्सिल इथे चालवायची

पाकिटाच्या मागे ‘इन्ग्रेडियंट्स’ या शब्दाने सुरू होणारा बारीक परिच्छेद शोधावा. त्यातला क्रम वजनाचा असतो: तयार करताना जो पदार्थ सर्वांत जास्त घातला तो पहिला, त्याहून कमी तो दुसरा, असा उतरता क्रम लावणे उत्पादकावर बंधनकारक आहे. साखर पहिल्या तिनांत असेल तर तो पदार्थ गोड खाऊ आहे असे धरून चालावे, मग त्यावर नाचणीचे चित्र असो की बदामाचे.

मात्र एवढ्यावर थांबून चालत नाही, कारण साखर एकाच नावाने येत नाही. ‘शुगर’ आणि ‘सुक्रोज’ ही आपली नेहमीची साखर. ‘डेक्स्ट्रोज’ म्हणजे ग्लुकोज. ‘लिक्विड ग्लुकोज’ किंवा ‘ग्लुकोज सिरप’ हा स्टार्चपासून केलेला चिकट पाक, ‘इन्व्हर्ट सिरप’ हा साखर फोडून केलेला पाक, आणि ‘हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप’ हा मक्याच्या स्टार्चपासून केलेला. ‘माल्टोज’, ‘माल्ट एक्स्ट्रॅक्ट’, ‘हनी’, ‘जॅगरी’, ‘मोलॅसिस’, ‘डेट सिरप’, ‘फ्रूट ज्यूस कॉन्सन्ट्रेट’ ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. यांतला प्रत्येक शब्द दिसला की त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि शेवटी रेघा मोजाव्यात.

रेघा का मोजायच्या, हे एका उदाहरणाने लक्षात येईल. समजा, १०० ग्रॅम बिस्किटांच्या पिठात ३६ ग्रॅम गव्हाचे पीठ, २० ग्रॅम साखर, १२ ग्रॅम लिक्विड ग्लुकोज आणि ७ ग्रॅम इन्व्हर्ट सिरप आहे, व उरलेले तेल, दूध-पावडर वगैरे आहे. यादीत पीठ पहिले येईल आणि पुढे ‘गव्हाचे बिस्किट’ असे ऐटीत छापता येईल. परंतु गोडव्याचे तीन पदार्थ एकत्र केले तर ३९ ग्रॅम होतात, म्हणजे एकाच नावाने लिहिले असते तर पहिला मान त्यांचाच होता. प्रत्येक वेळी हे लपवण्यासाठीच केलेले असते असे नाही. इन्व्हर्ट सिरपमुळे बिस्किटाला रंग व मऊपणा येतो आणि लिक्विड ग्लुकोजमुळे पाकाचे खडे होत नाहीत, ही कारणेही खरी आहेत. वाचणाऱ्याने मात्र बेरीज करूनच मत बनवावे.

एक-दोन बारकावे इथेच सांगून टाकते. ‘चोको चिप्स’ किंवा ‘फ्रूट फिलिंग’ असा मिश्र घटक असेल तर त्यातले पदार्थ पुढे कंसात दिलेले असतात आणि साखर बऱ्याचदा त्या कंसात बसलेली असते. शिवाय असा मिश्र घटक एकूण पदार्थाच्या ५ टक्क्यांहून कमी असेल तर त्यातली साखर सांगण्याचे बंधनही नसते. दुसरा बारकावा माल्टोडेक्स्ट्रिनचा. स्टार्च अर्धवट तोडून ही पावडर करतात. तिच्यातल्या ग्लुकोजच्या साखळ्या साखरेपेक्षा लांब असल्यामुळे तक्त्यातल्या साखरेत ती मोजली जात नाही, परंतु पोटात गेल्यावर तिचे ग्लुकोज फार लवकर होते. आबांच्या पुड्यातला चोर तोच होता, मैद्याच्या साथीने.

तक्ता: कोणती ओळ, कोणता रकाना

‘न्यूट्रिशनल इन्फर्मेशन’ असे शीर्षक असलेल्या तक्त्यात ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, ‘टोटल शुगर्स’, ‘ॲडेड शुगर्स’, मेद, सोडियम अशा ओळी असतात. एकूण साखरेत पदार्थाची अंगची आणि वरून घातलेली अशा दोन्ही साखरा येतात. दुसऱ्या ओळीत फक्त वरून घातलेली. दोन्ही ओळी शेजारी ठेवून वाचल्या की बराच उलगडा होतो. साध्या दुधात १०० मिलीला सुमारे ५ ग्रॅम दुग्धशर्करा असतेच, म्हणून फ्लेवर्ड मिल्कच्या बाटलीवर एकूण साखर १३ आणि वरून घातलेली ८ असे दिसले तर त्यात विसंगती काही नाही. आपल्या हिशेबाला घ्यायची ती ८. उलट बेदाण्यांच्या पाकिटावर वरून घातलेली साखर शून्य दिसली तरी द्राक्षे सुकल्यामुळे त्यांची स्वतःची साखर १०० ग्रॅमला ६० ग्रॅमच्या आसपास पोचलेली असते, तेव्हा मधुमेही माणसाने तिथे एकूण साखरेचीच ओळ पाहावी.

रकान्यांपैकी तुलनेसाठी १०० ग्रॅमचा किंवा १०० मिलीचा रकाना धरावा. ‘पर सर्व्ह’ हा रकाना तुलनेला निरुपयोगी असतो, कारण एका वेळचे प्रमाण किती धरायचे हे उत्पादक ठरवतो. एकाने दोन बिस्किटे धरली, दुसऱ्याने चार धरली, की आकड्यांचा मेळ बसत नाही. स्वतःच्या खाण्याचा हिशेब करताना मात्र १०० ग्रॅमच्या आकड्याला आपण खरोखर जेवढे खातो त्या वजनाने गुणून १०० ने भागावे. समजा, वरून घातलेली साखर १०० ग्रॅमला २४ ग्रॅम आहे आणि मुलगा दुपारी ७५ ग्रॅमचा आख्खा पुडा संपवतो, तर २४ गुणिले ७५ भागिले १०० म्हणजे १८ ग्रॅम, अर्थात सपाट चार चमचे.

तक्त्यात दैनंदिन गरजेच्या टक्केवारीचाही रकाना असतो आणि तो फार गोड गैरसमज करून देतो. वरून घातलेल्या साखरेची टक्केवारी ५० ग्रॅमच्या आधारे काढलेली असते. ते ५० ग्रॅम ही प्रौढ माणसाची बाहेरची मर्यादा आहे; शरीराला तेवढी साखर लागते असा तिचा अर्थ कोणी घेऊ नये. शिवाय सात वर्षांच्या मुलाचे २००० किलोकॅलरींचे खाणे नसते. ३६ टक्के असे छापलेले असेल तर २५ ग्रॅमच्या मापाने ते ७२ टक्के होते, आणि मुलासाठी त्याहूनही जास्त. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले ते याच हिशेबाची मुलांना सवय लागावी म्हणून. इतर शाळांनाही आपण होऊन तसा फलक लावायला काही हरकत नाही.

मधुमेह असलेल्यांसाठी शेवटी कर्बोदकांची ओळ आहेच. मैद्याचे, पोह्यांचे किंवा बटाट्याचे कर्बोदक रक्तात ग्लुकोज होऊनच उतरते, म्हणून साखर शून्य असलेले पाकीटही मोजूनच खावे लागते.

पुढच्या बाजूवरचे दावे

दाव्यांचे अर्थ नियमांनी ठरवून दिलेले आहेत. घन पदार्थ असो वा द्रव, १०० ग्रॅममध्ये किंवा १०० मिलीत साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तरच ‘शुगर फ्री’ म्हणता येते. ‘लो शुगर’साठी घन पदार्थाला ५ ग्रॅम आणि द्रवाला २.५ ग्रॅम ही मर्यादा आहे. ‘नो ॲडेड शुगर’ म्हणायचे तर साखर घालायची नाहीच, शिवाय साखर असलेला जॅम किंवा गोडव्यासाठी फळांचा आटवलेला रसही घालायचा नाही. त्या पदार्थाची अंगची साखर किती आहे याबद्दल मात्र हा दावा काहीच बोलत नाही. ‘नॅचरल’, ‘मल्टिग्रेन’, ‘एनर्जी’ या शब्दांवर साखरेच्या दृष्टीने वेळ घालवू नये.

साखर नसूनही पदार्थ गोड लागत असेल तर यादीत ‘स्वीटनर’ शब्दापुढचा आकडा पाहावा. ९५० म्हणजे ॲसेसल्फेम पोटॅशियम, ९५१ ॲस्पार्टेम, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टिव्हियापासूनचे गोडकारक. ४२० सॉर्बिटॉल आणि ९६५ माल्टिटॉल. शेवटचे दोन जास्त खाल्ले तर पोट बिघडते. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेच्या गोडकारकांवर विसंबू नये अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली आहे. ती आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

चौदा अंकी परवाना क्रमांक आणि त्याजवळचे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे (एफएसएसएआय) चिन्ह याबद्दलही एक गैरसमज बैठकीत हमखास निघतो. तो क्रमांक उत्पादकाने परवाना घेतला आहे एवढेच सांगतो. पदार्थ आरोग्याला चांगला असल्याचा तो दाखला नव्हे.

गूळ, मध आणि आपला अभिमान

उसाच्या जिल्ह्यात राहून हे लिहिताना थोडा धीर करावा लागतो. कराड-पाटणकडच्या गुऱ्हाळाचा गूळ आणि महाबळेश्वरचा मध हे आपल्याला साखरेच्या पंक्तीत बसवणे रुचत नाही. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले तेव्हा सगळ्या जिल्ह्याला आनंद झाला आणि तो रास्तच होता. पण अन्नसुरक्षेच्या मानकांत गुळाची व्याख्या पाहावी: कोरड्या वजनावर एकूण साखर किमान ९० टक्के आणि त्यात सुक्रोज किमान ६० टक्के असेल तरच तो गूळ. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही गूळ हा मुख्यतः साखरच. त्यात लोह व इतर क्षार थोडे आहेत, चव तर साखरेला कधीच येणार नाही अशी आहे, परंतु रक्तातल्या साखरेच्या हिशेबात गुळाचा खडा साखरेच्या रकान्यातच मांडावा लागतो. मधातही सुमारे ८० टक्के साखर आणि उरलेले बहुतेक पाणी असते.

म्हणून ‘साखरमुक्त, गुळाचे लाडू’ हे शब्द लेबलवर चुकीचे आहेत. नियमांत साखर या शब्दाखाली सर्व एकशर्करा व द्विशर्करा (ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज यांसारख्या साध्या साखरा) येतात, केवळ कारखान्याची पांढरी साखर नव्हे. आमच्या गटाने पहिल्या खेपेला नेमके हेच शब्द छापून घेतले होते; दोनशे लेबले वाया गेली आणि नंतर साधे ‘गुळाचे लाडू’ एवढेच छापले. विक्री कमी झाली नाही.

स्ट्रॉबेरीची बाटली

पाहुण्यांना द्यायला महाबळेश्वर-पाचगणीहून आणलेली जॅमची किंवा क्रशची बाटली साताऱ्याच्या बहुतेक घरांत सापडते, म्हणून तिचे लेबल सरावासाठी उत्तम. जॅममध्ये सर्वसाधारणपणे फळ किमान ४५ टक्के असावे लागते, परंतु स्ट्रॉबेरी व रासबेरीच्या जॅमला सूट असून त्यांत किमान २५ टक्के फळ चालते. विद्राव्य घन पदार्थ, म्हणजे पाण्यात विरघळलेला भाग, मात्र किमान ६५ टक्के असावेत, आणि त्यांत बहुतांश साखरच असते. तेव्हा २० ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात १२ ते १३ ग्रॅम साखर धरावी. क्रशमध्ये फळ किमान २५ टक्के आणि विद्राव्य घन किमान ५५ टक्के. सरबतासाठी ३० मिली क्रश घेतले तर त्याचे वजन ३८ ग्रॅमच्या जवळपास भरते आणि साखर सुमारे २० ग्रॅम होते, म्हणजे २५ ग्रॅमचा दिवसाचा कोटा एका पेल्यात जवळजवळ संपतो.

लेबलवर फळाचे चित्र असेल तर त्या फळाची टक्केवारी यादीत दिलेली असायला हवी. दोन बाटल्या शेजारी ठेवून ती ताडून पाहावी, कारण २५ टक्के ही किमान पातळी आहे आणि चांगले उत्पादक त्याहून अधिक फळ घालतात. फरक चवीतही कळतो.

रसाच्या खोक्यावर ‘रीकन्स्टिट्यूटेड’ हा शब्द असेल तर तो आटवलेल्या रसात पाणी घालून केलेला आहे. अशा रसावर शंभर टक्के फळांचा रस असा दावा करू नये, असा आदेश प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये काढला. किलोला १५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर घातली असेल तर ‘स्वीटन्ड ज्यूस’ असे लिहावे लागते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गोड पेयांबाबत याहून जास्त सावध राहावे. जुलाबावर द्यायच्या खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते आणि क्षारांचे प्रमाण ठरलेले असते; त्या सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांच्या नावात ओआरएस हे शब्द वापरण्यास ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई झाली. मूल आजारी असताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, हे पाहूनच ते घ्यावे.

जिथे लेबलच नाही

बेकरीतली सुटी खारी, राजवाड्याजवळचा कंदी पेढा, रसवंतीचा पेला यांना तक्ता नसतो. तिथे अंदाजच करावा लागतो. बर्फ न घातलेल्या २५० मिली उसाच्या रसात २५ ग्रॅमहून अधिक साखर येते. पेढ्याबद्दल विचारायचे तर “साखर कमी आहे का?” असे विचारू नये, कारण उत्तर नेहमी ‘हो’ असते, “एक किलो खव्याला साखर किती घालता?” असे विचारावे. मोती चौकाच्या आसपासचे अनुभवी हलवाई हा आकडा सहज सांगतात, आणि न सांगणाऱ्याकडून दुसऱ्या वेळी घ्यायचे की नाही हे आपण ठरवू शकतो.

लेबल चुकीचे वाटले तर

आधी पाकिटाच्या चारही बाजूंचे स्पष्ट फोटो काढावेत. त्यांत चौदा अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख वाचता आली पाहिजे. बिल जपून ठेवावे. तक्रारीत “फसवणूक झाली” एवढेच न लिहिता दावा कोणता आणि मागचा आकडा कोणता, हे समोरासमोर मांडावे, उदाहरणार्थ: ‘पुढे शुगर फ्री असे छापले आहे, तक्त्यात १०० ग्रॅमला एकूण साखर ६ ग्रॅम दिली आहे’. अशी तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर, केंद्रीय प्राधिकरणाकडे १८००-११२-१०० वर, किंवा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. नोंद झाल्यावर मिळणारा क्रमांक पाकिटाच्याच कोऱ्या भागावर लिहून ते पाकीट बिलासह एका पिशवीत घालून ठेवावे, कारण चौकशीला कोणी आले तर पहिली मागणी त्या पाकिटाचीच होते.